वेट गेटवर बसण्याआधी

फिल्मचे रोल तपासायला शिकलात, आता वेट गेटवर, म्हणजे फिल्म द्रवात भिजवून स्कॅन करणाऱ्या यंत्रावर, बसवणार आहेत? छान. फक्त त्या द्रवाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

तत्त्व तुम्हाला ठाऊकच असेल. ट्रायअसिटेट बेसचा, म्हणजे फिल्मच्या पारदर्शक पट्टीचा, अपवर्तनांक 1.48च्या आसपास, गेटमधल्या द्रवाचा, म्हणजे पर्क्लोरोइथिलीनचा (पर्क), 1.50. बेसवरच्या खाचेत पर्क भरलं की प्रकाश तिथे वेडावाकडा फाकत नाही, स्क्रॅच दिसेनासा होतो. डार्करूममधली जुनी मंडळी निगेटिव्हच्या स्क्रॅचवर नाकाचं तेल बोटाने फिरवायची, तेही यासाठीच.

मला पार रडवलं ते छापून आलेल्या स्क्रॅचनी. आपल्याकडे जुन्या सिनेमाची निगेटिव्ह बऱ्याचदा उरलेलीच नसते. हाती येते ती थिएटरं फिरून आलेली प्रिंट. तिच्यावर दोन तऱ्हेच्या रेघा असतात. काही तिच्या स्वतःच्या अंगावरच्या, काही निगेटिव्हवरच्या, ज्यांचा प्रिंट काढताना फोटो उतरलाय. या दुसऱ्या रेघेत भरायला खाचच नाही. दिवसभर पर्कमध्ये बुडवून ठेवा, ढिम्म हलणार नाही. आणि आपण बसतो पंप तपासत, द्रव बदलत.

रंगावरून निदान करू नका. प्रिंटच्या बेसवरचा स्क्रॅच काळा दिसतो, पण निगेटिव्हचं इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडलं गेलं असेल तर तीही रेघ प्रिंटमध्ये काळीच येते. पांढऱ्या रेघेचंही तसंच: एकतर निगेटिव्हच्या बेसवरचा स्क्रॅच छापला गेलाय, नाहीतर प्रिंटचं इमल्शन उडालंय. रंगीत प्रिंटवर हिरवी रेघ दिसली तर वरचा मॅजेन्टा थर गेला. तिथे पर्क काही करू शकत नाही. म्हणून लूप (भिंग) घ्या, दिवा बाजूने मारा, फिल्म तिरकी करून दोन्ही बाजू बघा. खाच चमकली तर ती अंगावरची. खालच्या उजेडात रेघ आहे आणि तिरक्या उजेडात पृष्ठभाग गुळगुळीत, तर ती छापलेली. हे स्कॅनच्या आधी करा, नंतर नाही. डोळा बसायला वेळ लागतो, पण बसतो.

‘सॉफ्टवेअरमध्ये काढू’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. बेसवरचे स्क्रॅच द्रवात फुकट जातात, सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यासाठी फ्रेम-फ्रेम खरडत बसावं लागतं. स्क्रॅच शोधणाऱ्या इन्फ्रारेड किरणाचा भरवसा कृष्णधवल फिल्मवर नको. चांदी स्वतःच तो किरण अडवते.

‘आम्ही आयुष्यभर उघड्या हातांनी केलं’ म्हणणारे उस्ताद भेटतील. फाटकं परफोरेशन (फिल्मच्या कडेचं भोक) बोटाने कसं ओळखायचं ते त्यांच्याकडून जरूर शिका, हे मात्र नाही. पर्क बहुधा कर्करोगकारक गणलं जातं. त्याची वाफ हवेपेक्षा पाचपटीहून जास्त जड, म्हणजे एक्झॉस्ट खाली हवा. नाक वासाला सरावतं, त्यामुळे ‘वास येत नाही’ याला अर्थ नाही. लॅटेक्सचे हातमोजे इथे निकामी. व्हायटॉनचे मागा, मिळेपर्यंत मागत राहा.

टेपचे जोड आधी काढा. पर्कमध्ये गोंद सुटतो आणि पुढच्या फ्रेमांवर पसरतो. असिटेटला सिमेंटचा जोड चालतो, पॉलिएस्टरला अल्ट्रासॉनिकच.

सुरुवातीला बुडबुडे येणारच, घाबरू नका. जोडाबरोबर हवा आत शिरते. वेग कमी करा आणि प्रत्येक जोडानंतरच्या फ्रेमा पुन्हा बघा.