किचन-डायनिंग स्वतः करताय? टाइल्स लावायच्या आधी या चुका टाळा

दिवाळी संपली की ठाण्या-नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये ग्राइंडर सुरू होतात, ते थेट होळीपर्यंत. हल्ली त्यातले बरेच ग्राइंडर कंत्राटदाराच्या माणसांच्या हातात नसतात. नवरा-बायको दोघं मिळून शनिवार-रविवारी स्वतःचं किचन करतात आणि त्याला लागूनच असलेली डायनिंगची जागाही त्यातच उरकतात. मला हे मनापासून आवडतं. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून इतकी वर्षं साइटवर काम करते आहे, त्यामुळे ओळखीतल्या अशा जोडप्यांचे फोन मला येतातच. पण फोन येतो तोवर बहुतेक वेळा टाइल्स लागून गेलेल्या असतात. चुका त्याच त्या असतात आणि मूळही एकच असतं: जे दिसणार आहे तिथवर लवकर पोचायची घाई. किचनमध्ये पैसा आणि झोप खाणाऱ्या सगळ्या गोष्टी टाइल्सच्या मागे आणि ओट्याच्या खाली असतात. तिथे वेळ द्यायला कुणी तयार नसतं.

पाण्याची लाइन त्याच संध्याकाळी झाकणं

नेरुळमधल्या एका जोडप्याचं उदाहरण सांगते. दोघंही हुशार, हातही चांगला. सिंकच्या भिंतीतली जुनी गंजलेली जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन काढून त्यांनी सीपीव्हीसीची (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) नवी लाइन टाकली. दुपारी जोड मारले, संध्याकाळी पाइपासाठी भिंतीत खोदलेली झिरी सिमेंटने भरली आणि दुसऱ्या दिवशी डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, टाइल्स लावायला घेतल्या. काम दिसायला सुरेख झालं होतं.

जुलैत खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या किचनच्या छताला डाग दिसला. सगळे म्हणाले, पाऊस आहे, बाहेरच्या भिंतीतून येत असेल. सोसायटीनेही तेच सांगितलं. मग ऑक्टोबर आला, कडकडीत ऊन पडलं, आणि एके दिवशी काकू वर आल्या. "अगं, पाऊस जाऊन महिना होत आला, तरी माझ्या ओट्यावर थेंब पडतातच."

इथे गळती ओळखायची माझी पद्धत सांगते, कारण लोक थेट हातोडा घेतात. पावसाची गळती पावसाबरोबर येते आणि कोरड पडली की सुकते. सांडपाण्याची गळती सिंक वापरलं की वाढते, म्हणून सिंक दोन-तीन दिवस पूर्ण बंद ठेवून बघायचं. या दोन्हीचा काही परिणाम होत नसेल आणि ओल दिवसरात्र सारखीच राहत असेल, तर ती दाबाची लाइन समजा. किचनचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन बघा. नेरुळला व्हॉल्व्ह बंद केल्यावर थेंब थांबले. सिंकच्या नळामागचा एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) पाझरत होता. भिंत फोडली तेव्हा कळलं की जोडाला सीपीव्हीसीचं सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) न वापरता घरात पडलेलं साध्या पीव्हीसीचं वापरलं होतं, आणि ते वाळायच्या आत झिरी भरली होती. नव्या टाइल्स गेल्या, सिंकखालचं कपाट फुगून गेलं, काकूंच्या छताचा पोपडा पडून आतली सळई गंजलेली दिसली. तो सगळा खर्च या दोघांवरच आला, आणि माझ्या मते तो त्यांनीच करायला हवा होता.

वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याच्या दाबाचा लोक विचारच करत नाहीत. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार असतो. सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तुमच्या एल्बोवर चोवीस तास दीड-दोन बार दाब असतो. तुमचा जोड वाळला की नाही, हे तो दाब विचारत बसत नाही.

मी काय करते ते सांगते. पाइप काटकोनात कापायचा, कापलेली कड आतून-बाहेरून साफ करायची, कोरडा बसवून खूण करायची, मग सीपीव्हीसीचंच सॉल्व्हंट लावून पाव फेरा फिरवत आत दाबायचा आणि अर्धा मिनिट हलू द्यायचा नाही. नळ बसतो तिथे पितळी आट्यांचाच एल्बो घ्यायचा. प्लॅस्टिकच्या आट्यांमध्ये धातूचा नळ जोर लावून आवळला की बारीक तडा जातो, तो त्या दिवशी दिसत नाही. मग पूर्ण एक दिवस काही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सगळी तोंडं एंड कॅपने बंद करून हातपंपाने दाब द्यायचा, नेहमीच्या दाबाच्या दीडपट तरी. काटा रात्रभर तिथेच राहिला पाहिजे. पंप ओळखीच्या प्लंबरकडून एका दिवसासाठी आणता येतो. तेवढ्यासाठी कंटाळा करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पुढे काय होणार हे मला माहीत असतं.

झिरी भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढा. पुढे ड्रिल करताना तोच नकाशा असतो. आणि काम सुरू व्हायच्या आधी खालच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर त्यांच्या छताचेही फोटो काढा. नंतरचे बरेच वाद तिथेच मिटतात.

ज्यांनी फरशीही फोडली आहे त्यांनी नवी फरशी टाकायच्या आधी वॉटरप्रूफिंग करून, नहाणीचं, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीचं, तोंड बंद करून किमान 24 तास पाणी साठवून ठेवावं आणि खाली जाऊन बघावं. शक्य असेल तर 48 तास. ढाळ नहाणीकडे आहे का हेही याच वेळी कळतं. जुन्या फरशीवर नवी फरशी चढवणाऱ्यांची हमखास फसगत इथेच होते: किचनची पातळी वर येते, ड्राय बाल्कनीचा उंबरठा पुरेनासा होतो, दार अडतं, आणि फरशी धुतली की पाणी डायनिंग टेबलाखाली जमतं. पाणसळ लावून आधी मोजा. जमत नसेल तर जुनी फरशी काढा, दुसरा उपाय नाही.

किचन आणि डायनिंगमधली भिंत

ओपन किचन सगळ्यांना हवं असतं. पण भिंत पाडायचा निर्णय व्हिडिओ बघून घ्यायचा नसतो.

घोडबंदर रोडच्या आणि खारघरच्या नव्या टॉवरांपैकी बरेच मायवान पद्धतीने बांधलेले आहेत. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले. तिथे आतली भिंत म्हणजे पडदी नसते, ती आरसीसीची (सळया घातलेल्या काँक्रीटची) असते आणि इमारतीचा भार पेलते. ती पाडायची नाही, तिला खिडकीएवढं भोक पाडायचं नाही, वायरिंगसाठी खोल झिरीही मारायची नाही. दुसरीकडे जुन्या, कमी मजल्यांच्या बांधकामात कधीकधी विटांची 9 इंची भिंतच वरचा स्लॅब उचलून धरते. दिसायला साधी वीट, पण काढली की वरच्या घराला तडे.

ड्रिलच्या भुकटीवरून अंदाज येतो. लाल आली तर वीट, पांढरट आणि मऊ आली तर हलका ब्लॉक, करडी येऊन बिट पुढे जाईना तर आरसीसी. पण हा नुसता भिंत कशाची आहे याचा अंदाज. ती भार घेते की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनियरच सांगू शकतो, आणि त्याचं पत्र लावून सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी लागते. ठाण्यातल्या एका घरात मी दारात उभी राहून काम थांबवलं होतं. नवरा म्हणत होता, "अहो मॅडम, साडेचार इंचीच तर आहे." होती साडेचार इंचीच, पण दाराच्या लिंटेलचं (दारावरच्या आडव्या तुळईचं) एक टोक त्या भिंतीवर टेकलेलं होतं आणि लिंटेलवर उरलेलं वीटकाम. आणखी दोन थर काढले असते तर ते सगळं स्टुलावर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोवर आलं असतं. या बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

मोकळेपणाच हवा असेल तर आधी दाराची झडप काढून एक महिना राहून बघा. रोजची फोडणी आणि एकदा बोंबील तळून झाले की डायनिंगच्या पडद्यांना काय वास येतो, तेही कळेल. अनेकांना मग काचेचं सरकतं दार पुरतं.

सिंक किंवा मोरी डायनिंगच्या बाजूला सरकवू नका. ओल्या जागेखाली ओलीच जागा राहू द्या.

कपाटं पडतात, फुगतात

हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लॅस्टिकचा प्लग धरत नाही. आज घट्ट वाटतो, वर्षभराने स्टीलच्या डब्यांसकट कपाट खाली येतं. ब्लॉकसाठी वेगळे लांब प्लग मिळतात, किंवा केमिकल अँकर भरा. भार एका-दोन स्क्रूंवर न टाकता भिंतीवर आडवी पट्टी मारून तिच्यावर कपाट टांगायचं, ही माझी सवय.

प्लायवुडमध्ये दोन अक्षरांसाठी पैसे वाचवू नका. एमआर, म्हणजे ओलावा सोसणारं प्लायवुड, आयएस 303 या मानकात येतं; ते दमट हवा सोसतं, पाणी नाही. सिंकखाली आयएस 710 चं मरीन ग्रेडच लागतं, आणि शिक्का प्रत्येक शीटवर बघून घ्या, बिलावर नव्हे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात उघडी कड पहिली फुगते, म्हणून एज बँडिंग मागच्या आणि खालच्या न दिसणाऱ्या कडांनाही करा. सनमायका एकाच बाजूला लावला तर पल्ला वाकतो. आतून पातळ लायनर लावा.

गॅस आणि वीज: इथे स्वतः करायचं नाही

ठाणे आणि नवी मुंबईत पाइपचा गॅस महानगर गॅसचा. त्यांची पाइप किंवा मीटर सरकवायचं असेल तर अर्ज त्यांच्याकडेच करायचा. मीटर बंद कपाटात कोंडू नका. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर चढतो, म्हणून जाळी वर हवी. सिलिंडरचा गॅस जड, तळाशी साचतो, त्याला जाळी खाली हवी. एकाच कपाटात कधी हा कधी तो असा वापर झाला असेल तर दोन्हीकडे जाळी ठेवा. सिलिंडरच्या सुरक्षा ट्यूबवरची तारीख बघा, 5 वर्षांनी ती बदलायचीच, आणि ती दीड मीटरपेक्षा लांब नको.

2000 वॉटचं इंडक्शन साधारण पावणेनऊ अँपियर खेचतं. 6 अँपियरच्या सॉकेटवर एक्स्टेंशन लावून त्यावर इंडक्शन आणि मिक्सर चालवणारी घरं मी बघते तेव्हा मला भीती वाटते. ओव्हन आणि इंडक्शनला 16 अँपियरचा सॉकेट, स्वतंत्र सर्किट, 4 स्क्वेअर मिमीची वायर आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच). ते काम परवानाधारक वायरमनकडूनच. तुम्ही फक्त कुठे काय हवं त्याच्या खुणा भिंतीवर खडूने करून द्या, आणि शेगडीच्या बरोबर मागे बोर्ड नको.

बाकीचं थोडक्यात

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी. तिला सिमेंटची नुसती स्लरी धरत नाही, टाइल ॲडहेसिव्ह दात्यांच्या थापीने पसरूनच लावा. लागल्यावर नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ओली असतानाच काढा. ग्राउट (टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला) त्याच दिवशी भरू नका. शेगडी आणि सिंकजवळ इपॉक्सी ग्राउट महाग पडलं तरी घ्या, हळद त्यात मुरत नाही. टाइल्स 10 टक्के जास्त आणि एकाच बॅचच्या.

ओट्याची उंची सुताराच्या सवयीने ठरवू नका. जो रोज उभा राहून स्वयंपाक करतो, त्याच्या कोपरापासून साधारण चार-पाच इंच खाली ठेवा. घरात दोघंही स्वयंपाक करत असतील तर दोघांनी पुठ्ठे रचून पोळपाट ठेवून बघा. ग्रॅनाइटच्या पुढच्या काठाखाली पाणी तोडणारी खाच मारायला सांगा, नाहीतर सगळं पाणी ट्रॉल्यांवर उतरतं.

चिमणी शेगडीपासून 26 ते 30 इंच वर. पाइपला बाक जितके जास्त तितका धूर घरात.

डायनिंग टेबल दुकानात छोटं वाटतं. एका माणसाला 24 इंच रुंदी आणि खुर्ची मागे ओढून उठायला टेबलाच्या काठापासून भिंतीपर्यंत किमान 30 इंच लागतात, मागून ताट घेऊन कुणी जाणार असेल तर 36. आधी फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून त्या मापात दोन दिवस वावरा. टेबलावरचा दिवा मात्र टेबलाची जागा पक्की झाल्यावरच टांगा, आणि जिप्समच्या सीलिंगला नको, स्लॅबमध्ये हूक घेऊन.

डेब्रिजच्या गोणी खाडीकाठी किंवा रिकाम्या प्लॉटवर रात्री नेऊन टाकणारा टेम्पोवाला स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. ते कांदळवनावर पडतं. पालिकेकडे किंवा सोसायटीच्या ऑफिसात विचारून अधिकृत गाडी ठरवा आणि तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. सिमेंटचं उरलेलं पाणी सिंकमध्ये तर मुळीच ओतू नका. ते बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा, खालचा गाळ गोणीत भरा.