दार एस सलाममध्ये घर घेताय? आधी पाणी कुठून येतं आणि मैला कुठे जातो ते बघा

नोकरीसाठी टांझानियाला येणारी आपली मंडळी भाडं विचारतात, शाळा विचारतात, डाळ-तांदूळ मिळतो का विचारतात, पाण्याचं मात्र कोणीच विचारत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात फोन येतो की ताई नळाला पाणी नाहीये. म्हणून एकदाच नीट लिहितेय.

शहराचं बहुतेक पाणी रुवू नदीचं. अप्पर रुवू आणि लोअर रुवू हे दोन मोठे प्लांट, मिळून दिवसाला साधारण 46 कोटी लिटरची क्षमता, आणि 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या 53 लाखांच्या वर. नदी आटली की शहराचे हाल. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस लांबला तेव्हा दावासाने, म्हणजे इथल्या पाणी खात्याने, पाळ्या लावून पाणी सोडलं होतं.

तर घर बघायला गेलात की नुसता नळ सोडून समाधान मानू नका, तो टाकीचा नळ असतो, चालणारच. लाइनचं पाणी आठवड्यातून किती दिवस येतं, किसिमा म्हणजे बोअर आहे का, सिमटँक म्हणजे पाणी साठवायची प्लास्टिकची टाकी किती लिटरची, हे विचारा, आणि शक्यतो वॉचमनला विचारा कारण पंप तोच लावतो. चार माणसांना 2000 लिटरच्या खालची टाकी माझ्या मते कमीच.

बोअर असेल तर बाटलीभर पाणी घरी आणा. समुद्राजवळच्या भागात ते बऱ्याचदा मचूळ लागतं. साबणाला फेस येतो का बघा, मूठभर तूरडाळ लावून बघा, जड पाण्यात ती शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी टणकच राहते. असं पाणी फरशी, फ्लशला ठेवा.

टँकर मागवलात तर तो येताना समोर उभं राहा. आमच्याकडे एकदा चिखलातून ओढत आणलेला पाइप तसाच टाकीत सोडला, आणि मग अख्खी टाकी उपसून, खरवडून, ब्लीचने धुवावी लागली. पाइपचं तोंड आधी धुवायला लावायचं, पहिलं बादलीभर पाणी बाहेर सोडायचं.

प्यायचं पाणी गाळून खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्या. गॅस संपला असेल तर बिनवासाचं साधं ब्लीच, 5 ते 6 टक्क्यांचं, 20 लिटरला 40 थेंब (साधारण 2 मिली), अर्धा तास झाकून ठेवा. गढूळ असेल तर आधी गाळून दुप्पट टाका. ब्लीचने मीठ जात नाही, मचूळ ते मचूळच.

आता मैल्याचं. गटाराच्या लाइन शहराच्या थोड्याच भागात आहेत, बाकी सगळीकडे सेप्टिक टँक नाहीतर खड्डा. बोअरपासून तो निदान 30 मीटर लांब हवा, पावलं टाकून मोजा, लाजू नका. टँक भरलाय का कळायला लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत घाला आणि वर काढा, खालून जिथपर्यंत काळा दाट गाळ चिकटलाय ते मोजा, पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांश झाला की उपसायची वेळ झाली. आत कोणालाही उतरवू नका, विषारी गॅसने माणूस मिनिटांत जातो. मैला उपसणाऱ्या टँकरवाल्याला विचारा मैला कुठे नेतोस. शहरातल्या विंगुंगुटी भागात मैला शुद्ध करायची तळी आहेत, तिथे गाळ खाली बसतो आणि ऊन, शेवाळ, जिवाणू बाकीचं काम करतात. भाव फारच कमी सांगितला तर तो जवळच्या नाल्यात ओततोय असं समजा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या दादा (स्वाहिलीत दादा म्हणजे ताई) शहरातून वाहणाऱ्या म्सिंबाझी नदीच्या खोऱ्यात राहतात. अरुंद गल्लीत टँकर शिरत नाही, उपशाचे पैसेही नसतात, मग जोराचा पाऊस आला की काही लोक खड्ड्याला भोक पाडून मैला पुराच्या पाण्यात सोडून देतात. याला इथे कुटापिशा म्हणतात, म्हणजे ओकायला लावणं. तेच पाणी त्यांच्या उंबऱ्यातून आत येतं, आणि मग कॉलरा. म्हणून मसिका म्हणजे मार्च ते मेचा मोठा पाऊस सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीतच, आपला टँक उपसून घ्या, आणि कामाच्या ताईंना घरी न्यायला रोज एक डबा उकळलेलं पाणी द्या.