ऊर्जा खात्यावर प्रश्न लावताय? आधी या चुका टाळा

अधिवेशन जवळ आलं की आमदारांच्या कार्यालयांतून फोन सुरू होतात. "वीजबिलावर एखादा तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) द्या ना, आजच टाकायचाय." तयारी काय, तर बातमीचं एक कात्रण आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला एक तक्ता. गेली बरीच वर्षं मी आमदारांसाठी प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा म्हणणाऱ्या कपात सूचना लिहून देतोय. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच त्या. त्या चुकांची किंमत सभागृहात बसलेल्यांना मोजावी लागत नाही. ती मोजतो गावाकडं डीपी (ट्रान्सफॉर्मर, सरकारी भाषेत रोहित्र) जळून अंधारात बसलेला माणूस. म्हणून हे लिहितोय.

कात्रणातला आकडा पहिल्याच भागात ठोकणं

ही चूक मी स्वतः केली आहे. तारांकित प्रश्नाची घडण सगळ्यांना माहीत आहे. पहिला भाग, "अमुक घडले, हे खरे आहे काय". दुसरा, "असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले". शेवटचा, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". सगळी इमारत पहिल्या भागावर उभी असते. तिथली एक वीट सैल निघाली की वरचं सगळं खाली येतं.

रब्बीचे दिवस होते. आमच्या साहेबांच्या मतदारसंघातल्या एका तालुक्यात डीपी धडाधड जळत होत्या. एक शेतकरी रोज कार्यालयात यायचा. मोबाइलमधला हरभऱ्याचा फोटो दाखवायचा. घाटे धरायच्या वेळी पाणी नाही, म्हणून पिवळा पडत चाललेला. बातमीत छापलं होतं, "१४० रोहित्रे जळाली". मी तो आकडा उचलला आणि प्रश्नात जसाच्या तसा घातला. छापील उत्तर आलं: "(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." रोहित्रं जळाली होती, पण १४० नव्हती. बातमीदारानं शेजारच्या तालुक्याचीही धरली होती. उत्तर नियमाला धरून होतं, त्यामुळं साहेबांना उभं राहून बोलायलाही जागा उरली नाही. त्या दिवशी मी त्या शेतकऱ्याशी नजर मिळवू शकलो नाही.

पुढच्या अधिवेशनात तोच विषय असा लिहिला: "नोव्हेंबर ते जानेवारी या कालावधीत तालुक्यातील रोहित्रे नादुरुस्त झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, किती, प्रत्येक रोहित्र बदलण्यास किती दिवस लागले व दुरुस्तीच्या कंत्राटावर किती खर्च झाला." आकडा आपण सांगायचा नाही, त्यांच्याकडून काढायचा. "होय, हे खरे आहे" असं उत्तर आलं आणि सोबत गाववार तक्ताही आला. पण हरभरा तोवर गेला होता.

तेव्हापासून माझा नेम एकच. हाती सही-शिक्क्याचा कागद नसेल, तर पहिल्या भागात आकडा घालायचा नाही. "घाई आहे, चालवून घ्या" म्हणणाऱ्याला मी प्रश्न लिहूनच देत नाही.

मेगावॉट आणि युनिट यांची सरमिसळ. मेगावॉट ही क्षमता, युनिट ही वीज. एक मेगावॉट तासभर चाललं की १,००० युनिट होतात. दशलक्ष युनिट म्हणजे १० लाख. दर युनिटला रुपया धरला तर १० लाख रुपये. हे पाठ नसेल तर ऊर्जेच्या प्रश्नाला हात घालू नका.

चुकीच्या कंपनीला विचारणं. जुनं वीज मंडळ ६ जून २००५ ला विभागलं गेलं. गावची डीपी महावितरणची, मोठे मनोरे महापारेषणचे, कोळसा आणि वीज तयार करणारे संच महानिर्मितीचे. आजही लोक "एमएसईबी" म्हणतात, ते ठीक आहे. प्रश्नात तसं लिहू नका.

दरवाढीवर सरकारला धारेवर धरणं. मंत्री एका वाक्यात मोकळे होतात: दर नियामक आयोग ठरवतो. ते खरंही आहे. आयोगाची जाहीर सुनावणी होते, हरकती मागवल्या जातात, तेव्हा तुमचे साहेब कुठे होते? सभागृहात विचारायचं ते सरकारच्या हातातलं: अनुदान, विद्युत शुल्क (विजेवरचा सरकारी कर), भागभांडवल, कर्जाची हमी.

तरतूद म्हणजे खर्च समजणं

यावर मात्र मी थांबणार आहे, कारण नव्या मंडळींचा पाय हमखास इथंच घसरतो. २०२४ ची बळीराजा मोफत वीज योजना घ्या. साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे कृषिपंप, सुमारे ४४ लाख शेतकरी, १४,७६० कोटी रुपये. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. पण जाहीर झालेले पैसे कंपनीकडं किती पोचले, कधी पोचले, आणि रोख आले की विद्युत शुल्काच्या समायोजनातून, म्हणजे कंपनीकडून येणं असलेल्या शुल्कातून वजा करून, वळते झाले? माझ्या वहीत प्रत्येक योजनेला चार रकाने असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च, आणि चौथा रोख की समायोजन. चौथा रकाना कुणीच भरत नाही.

विद्युत कायदा २००३ चं कलम ६५ कागदावर लिहून समोर चिकटवा. सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल, तर अनुदानाची रक्कम आगाऊ द्यावी लागते, असं ते सांगतं. म्हणून "अनुदान दिले काय" असं विचारू नका. "कोणत्या तारखेस, किती" असं विचारा.

त्याच्याही खाली जायला हवं. ज्या पंपांना मीटर नाही, त्यांचा वापर मोजला जात नाही, अंदाजानं धरला जातो. ढोबळ हिशेब करून बघा. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे साधारण ३.७३ किलोवॉट. रोज आठ तास, वर्षाला १५० दिवस धरले तर ४,४७६ युनिट. दिवस २०० धरले तर ५,९६८. एका पंपामागं दीड हजार युनिटांचा फरक, आणि तोही टेबलावर बसून पाडलेला. असे लाखभर पंप असले तर हा फरक १५ कोटी युनिटांच्या घरात जातो. चोरीची आणि गळतीची वीज शेतीपंपांच्या नावावर पडली, तर हानी कमी दिसते आणि अनुदानाचा आकडा फुगतो. नाव शेतकऱ्याचं खराब होतं. याची मला मनापासून चीड येते.

यावर माझा उपाय साधा आहे. राज्यभराचे आकडे मागत नाही. बऱ्याच गावांत गावठाणाचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) शेतीच्या फीडरपासून वेगळा केलेला आहे. मी तालुक्यातला एकच शेतीचा फीडर निवडतो आणि ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात जाऊन बसतो. ऑपरेटरच्या टेबलावर लॉगशीट असते, दर तासाला हातानं लिहिलेले अँपिअर. वीज किती तास होती, भार किती होता, सगळं तिथं दिसतं. मग प्रश्नात तीनच गोष्टी मागतो: त्या फीडरवर वर्षभरात सोडलेली युनिट, त्यावरच्या पंपांची नोंदलेली अश्वशक्ती, आणि बिलात दाखवलेली युनिट. एका फीडरचं उत्तर नीट हाती आलं की समितीपुढं राज्याचा हिशेब मागता येतो.

करार न वाचता बोलणं. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा इतिहास महाराष्ट्रानं भोगला आहे. १९९३ चा वीजखरेदी करार, १९९५ मध्ये रद्द, पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू, २००१ मध्ये बंद. वीज घ्या किंवा न घ्या, स्थिर आकार (प्रकल्पाच्या क्षमतेपोटी ठरलेली रक्कम) भरावाच लागेल, ही त्यातली खरी मेख होती. आजही करारावर बोलताना सदस्य फक्त प्रतियुनिट दर विचारतात. स्थिर आकार किती, संच बंद ठेवूनही किती भरला, हे आधी विचारा.

कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल सोडून देणं. तो अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो. दुसऱ्या दिवशी मथळे होतात, तिसऱ्या दिवशी सगळे गावी. मी तो सुट्टीत वाचतो, परिच्छेद क्रमांकासकट वहीत उतरवतो. वीज कंपन्यांचे परिच्छेद सार्वजनिक उपक्रम समितीकडं जातात, लोकलेखा समितीकडं नाही. पत्र लिहिताना हे तपासा. पुढच्या अधिवेशनात साहेबांच्या हाती अर्धं पान देतो. त्यावर तीनच ओळी: परिच्छेद क्रमांक, विभागानं तेव्हा दिलेलं उत्तर, आणि आजचा एक उपप्रश्न. चौथी ओळ लिहिली की साहेब भाषण सुरू करतात आणि अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारतात.