जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअर उशिरा पकडतो तेव्हा

लिव्हर 'डी'वर टाकला तरी गाडी ढिम्म हलत नाही आणि दोन-तीन सेकंदांनी दणका देऊन निघते. एवढं ऐकलं की लोक 'गिअरबॉक्स गेला' म्हणून मोकळे होतात. मी आधी दोन गोष्टी विचारतो. उशीर फक्त सकाळी पहिल्यांदा होतो की दिवसभर? आणि एकट्या रिव्हर्सला होतो की पुढे-मागे दोन्हीकडे? हे कळेपर्यंत पान्ह्याला हात लावायचा नाही.

सुरुवात गिअरबॉक्सच्या तेलापासून, इंजिनच्या नव्हे. गाडी फिरवून गरम करा, सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन चालू ठेवून, पाय ब्रेकवर, लिव्हर एकदा सगळ्या गिअरांतून फिरवा आणि मग गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढा. पार्कमध्ये बघायचं की न्यूट्रलमध्ये, ते गाडीच्या पुस्तकात असतं; क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइट 727 गिअरबॉक्सला न्यूट्रल लागतं. थेंब पांढऱ्या कागदावर टिपा. लालसर, पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी आणि करपट वास म्हणजे क्लच प्लेटा जळल्यात. फेस असेल तर तेल कमी तरी आहे किंवा जास्त तरी.

तेल बरोबर आहे आणि उशीर फक्त सकाळचाच आहे? मग रात्री गाडी बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिकवरची पातळी बघून ठेवा, सकाळी स्टार्टर मारण्याआधी पुन्हा बघा. गार तेल आकसतं, म्हणजे पातळी थोडी उतरायला हवी. उलट चांगली चढलेली दिसली तर टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्यातलं) तेल रात्रीतून पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये, उतरलंय, आणि पंप ते परत भरेपर्यंत गाडी वाट बघायला लावते. याला बॉक्स खोलायची गरज नाही. ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये अर्धा-एक मिनिट इंजिन चालू द्या, मग गिअर टाका. पार्कमध्ये थांबून 727 ला उपयोग नाही, तिथे कन्व्हर्टरला तेलच जात नाही. आणि गिअर पकडायच्या आधी रेस देऊ नका. तो दणका क्लचच खातो.

दिवसभर, दोन्हीकडे उशीर असेल तर पॅन उतरवून फिल्टर बदला. पॅनखाली मोठं घमेलं ठेवा, एका कोपऱ्याकडून बोल्ट सैल करत या, नाहीतर अंघोळ ठरलेली. चुंबकावर राखाडी लेप असणारच, तो पुसून टाका. चकचकीत कण किंवा तुकडे दिसले तर प्रकरण फिल्टरच्या पलीकडे गेलंय. बोल्ट मापाने आवळा, जोर लावून पत्रा वाकवलात तर नवं गॅस्केटही गळेल. जेवढं तेल निघालं तेवढंच मोजून ओता. कन्व्हर्टरमधलं बाहेर आलेलंच नसतं. तेलाचा ग्रेड पुस्तकातलाच. डेक्सरॉन 3 सांगितलं असेल तर डेक्सरॉन 6 चालतं, पण टाइप एफ हा वेगळा ग्रेड मागणाऱ्या बॉक्समध्ये ते नको.

जीएमचे टर्बो 350, टर्बो 400, फोर्डचा सी6 अशा बॉक्सांना व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवरून बॉक्समधला तेलाचा दाब जुळवणारी डबी. त्याची नळी काढून बघा. आत लाल तेल असेल तर डबीतला पडदा फाटलाय. सुटा भाग आहे, बदलून टाका.

एकटा रिव्हर्सच उशिरा लागत असेल तर बहुधा त्या क्लचच्या पिस्टनचं रबरी सील कडक झालेलं असतं. तेलात ओतायचं बाटलीतलं औषध सील थोडं फुगवतं, काही महिने निघतात. तरी बॉक्स उतरवण्याआधी प्रेशर गेज लावून घ्या. दाब सगळ्याच गिअरांत कमी आला तर गुन्हेगार पंप किंवा दाब नेमून ठेवणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह, आणि सील बदलायचा खर्च वाया जाईल.