साधनेत मन का रमत नाही? या चुका टाळा

कोल्हापुरात देवाधर्माची उणीव नाही. पहाटे अंबाबाईच्या काकड आरतीला जाणारी, रविवारी जोतिबाचा डोंगर गाठणारी, पौर्णिमेची नृसिंहवाडी न चुकवणारी माणसे येथे गल्लोगल्ली भेटतात. तरीही ‘एवढे सगळे करतो, पण मनाला शांती नाही’ ही तक्रार त्यांच्याच तोंडून वारंवार ऐकू येते. त्यांची श्रद्धा कमी पडते, असे मला वाटत नाही. बहुतेकदा पद्धत चुकते, आणि या चुका इतक्या जुन्या आहेत की पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात त्यांची यादी दिली आहे. व्याधी, स्त्यान म्हणजे मनाचे जडत्व, संशय, प्रमाद, आळस, अविरती म्हणजे विषयांची न सुटणारी ओढ, भ्रांतिदर्शन, पुढची पायरी हाती न लागणे आणि लागलेली पायरी न टिकणे, असे ते नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे आहेत.

अनुभवाची घाई

सर्वांत मोठी चूक म्हणजे आज किती शांत वाटले, यावरून साधनेचे मोजमाप करणे. डोळे मिटून पाच मिनिटे होत नाहीत तोच मन स्थिरावले का, याची तपासणी सुरू होते आणि ती तपासणीच मनाला स्थिर होऊ देत नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाकडे या दृष्टीने पाहावे. नोव्हेंबरमध्ये ९ ते ११ आणि पुढे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि क्रमाने देवीचे चरण, मध्यभाग व मुखापर्यंत पोहोचतात. परंतु आकाशात ढग असले किंवा हवेत धूळ आणि बाष्प जास्त असले, तर ती वाटेतच क्षीण होतात आणि दाटीवाटीने उभे असलेले भाविक हळहळत परततात. त्या दिवशीही काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचा देवीचा नित्यक्रम मात्र तसाच पार पडतो. साधकाने नित्यक्रम आपल्याकडे घ्यावा आणि किरणोत्सव देवीवर सोडावा.

प्रत्यक्षात यासाठी एक ठरलेली वेळ, एक ठरलेली जागा आणि पंधरा-वीस मिनिटांचा अवधी पुरतो. महिनाभर ‘कसे वाटले’ हा प्रश्न स्वतःला विचारू नये. बसलो की नाही, एवढीच खूण दिनदर्शिकेवर करावी. मन भटकले म्हणून बैठक वाया गेली, असेही समजू नये. मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे, असे अर्जुन गीतेच्या सहाव्या अध्यायात म्हणतो, तेव्हा श्रीकृष्ण ते नाकारत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य या दोहोंनी ते आवरता येते, असे सांगतात. मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला परत आणणे, हाच तो अभ्यास आहे.

एक ना धड

सकाळी मोबाइलवरचे ध्यान, दुपारी कोणा नव्या महाराजांचे प्रवचन, गुरुवारी पारायण, पुढच्या महिन्यात वेगळेच शिबिर, असा क्रम अनेकांचा असतो. तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी डाव शिकवत नाहीत, आधी जोर-बैठका काढून घेतात. येथेही तेच लागू आहे. अंतरायांवर पतंजलींनी दिलेला उपाय एकाच तत्त्वाचा अभ्यास हा आहे, आणि तो अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता व आदराने केला तरच पक्का होतो, असेही त्यांनी सांगितले आहे. नाम असो, श्वास असो वा हरिपाठ, निदान वर्षभर तरी ते बदलू नये.

बसल्यावर डुलकी येत असेल तर दोष बहुधा रात्रीच्या जेवणाचा किंवा अपुऱ्या झोपेचा असतो. आहार, विहार, झोप आणि जागरण हे सारे बेताचे असावे, असे गीताही सांगते. जेवण लवकर आटोपावे आणि तरीही झोप अनावर झाली तर रंकाळ्याकाठी चालत नाम घ्यावे.

देवघराबाहेरचे वागणे

ही चूक फारशी कोणी चूक मानत नाही, म्हणून ती मला अधिक महत्त्वाची वाटते. जपाला बसलेल्या आजोबांना नातवाने हाक मारली की ते त्याच्यावर खेकसतात आणि पुन्हा माळ ओढू लागतात. दर्शनाच्या रांगेत कोणी मध्येच घुसले, तर गाभाऱ्यात पोहोचेपर्यंत मनात त्याचाच राग घोळत राहतो. चित्त प्रसन्न होण्यासाठी सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद आणि दुष्टाविषयी उपेक्षा ठेवावी, असे योगसूत्र आहे. हे चारही भाव माणसांमध्येच साधायचे आहेत. म्हणून रोज एकच प्रसंग निवडावा: भावकीत कोणाचे नवे घर झाले असेल तर मत्सर बाजूला ठेवून त्याच्याकडे जाऊन मनापासून अभिनंदन करावे, रांगेत घुसलेल्याला सोडून द्यावे, आणि नातवाने हाक मारली तर माळ खाली ठेवून आधी त्याचे ऐकावे.

दुखणे अंगावर काढणे

नऊ अंतरायांत व्याधी पहिली आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे झाले असेल, तर उपासतापास वाढवण्याऐवजी विनाविलंब मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. औषधे चालू असताना नाम घेण्यास कसलीही आडकाठी नाही. घरच्यांनीही ‘देवावर विश्वास नाही का’ असे विचारून रुग्णाला औषधापासून परावृत्त करू नये.