स्टॉकहोमची म्युझियमं बघायची, तर तयारी घरूनच

पहिलं काम तारखांचं, आणि ते विमानाचं तिकीट काढण्याआधी. स्टॉकहोममधली बरीच म्युझियमं सोमवारी बंद असतात. बुडालेल्या युद्धनौकेचं वासा म्युझियम आणि स्कान्सेन हे उघड्यावरचं म्युझियम मात्र सोमवारीही उघडी असतात, तेव्हा सोमवार त्यांच्यासाठी राखून ठेवा. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडसमर हा उन्हाळ्याचा मोठा सण येतो. त्या शुक्रवारी अर्धं शहर गावी गेलेलं असतं आणि पुष्कळ ठिकाणांना कुलूप असतं. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा, जूनमध्ये अठरा तासांहून मोठा. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंतचाच काळ धरा. जुन्या शहरातल्या उतारांवर अंधारात आणि बर्फात चालणं त्यांना झेपणार नाही.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा.

आता खऱ्या तयारीकडे येतो. ती वाचनाची. चार दिवसांत दहा म्युझियमं उरकणाऱ्यांच्या हाती फोटोंपलीकडे फारसं काही लागत नाही. तीन-चार निवडा आणि त्यांची गोष्ट आधी घरी वाचा, मुलांना सांगा. वासाचंच बघा. शिवरायांच्या जन्माच्या सुमारे दीड वर्ष आधी, १० ऑगस्ट १६२८ रोजी, ६४ तोफांची ही स्वीडनची युद्धनौका पहिल्याच सफरीला निघाली. सुमारे १,३०० मीटर जाते न जाते तोच वाऱ्याच्या झोतानं कलली, तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरलं आणि नौका बंदरातच बुडाली. वरचा भार जास्त, बूड अरुंद. निघण्याआधी तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली होती. नौका इतकी डोलायला लागली की चाचणी मध्येच थांबवावी लागली, तरीही तिला निघायची परवानगी मिळाली. चौकशी झाली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. १९६१ मध्ये तिला वर काढलं तेव्हा लाकूड बहुतांश शाबूत होतं, कारण लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात जगत नाही. सुकून लाकूड तडकू नये म्हणून पुढे सतरा वर्षं तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाचे फवारे मारले. हे माहीत असलेला दहा वर्षांचा मुलगा त्या ६९ मीटर लांब काळ्या लाकडापुढे उभा राहून प्रश्न विचारतो. माहीत नसलेला पाच मिनिटांत आइस्क्रीम मागतो.

आत गेल्यावर आधी एकास दहा प्रमाणातली रंगीत प्रतिकृती बघा, मग मूळ नौका. म्हणजे तोफांच्या झडपांच्या आतल्या बाजूला कोरलेली सिंहांची तोंडं शोधता येतात आणि ती एकेकाळी कशी झळकत असतील ते कळतं. माहितीपट आणि इंग्रजी गाइडेड टूर दोन्ही प्रवेशात येतात, वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. लाकडासाठी हॉलचं तापमान १८ ते २० अंशांवर ठेवतात आणि उजेडही मंद असतो, म्हणून जुलैतही स्वेटर सोबत हवाच.

कपड्यांबाबत एवढंच की जाड कोटापेक्षा दोन-तीन थर बरे, वर पाऊस न झिरपणारं जॅकेट. बुटांवर मात्र खर्च करा आणि ते महिनाभर आधी पायात घालून फिरा. गामला स्तान हे जुनं शहर दगडगोट्यांच्या फरसबंदीचं आहे, तिथे नवे बूट हमखास चावतात. मोर्टेन त्रोत्सिग नावाची गल्ली तर एका टोकाला ९० सेंटिमीटर रुंद आणि पायऱ्यांची आहे. गुडघे दुखत असतील तर ती खालूनच बघा.

शहर चौदा बेटांवर पसरलं आहे, त्यामुळे रोजचा बेत बेटवार करा. यूरगोर्देन बेटावर वासा, नॉर्डिस्का म्युझियम आणि स्कान्सेन एकमेकांच्या जवळ आहेत. स्कान्सेन हे १८९१ मध्ये आर्तूर हाझेलियस यांनी सुरू केलेलं उघड्यावरचं म्युझियम. देशभरातली जुनी घरं उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली आहेत. त्याला अर्धा दिवस द्याच. बेटावर जायला सात नंबरची ट्रॅम आहे, पण परतताना स्लुसेनला जाणारी फेरीबोट घ्या. शहर पाण्यातून बघायला मिळतं आणि एसएलचं, म्हणजे शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचं, तेच तिकीट चालतं. एक तिकीट ७५ मिनिटं चालतं. बँकेचं कार्ड मशीनला टेकवलं की काम झालं.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. रोख रक्कम पुष्कळ ठिकाणी घेतच नाहीत, वासातसुद्धा नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन कार्डं ठेवा आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा, टॅप करून पैसे देण्याची सोयही. हे राहून गेलं की पहिल्याच तिकीट खिडकीवर अडतं.

दुसरा दिवस गामला स्तानचा. राजवाड्याच्या तळघरात लिव्हरुस्टकाम्मारेन आहे, राजघराण्याचं शस्त्रागार, १६२८ मध्ये स्थापन झालेलं. १६३२ मध्ये ल्युत्सेनच्या लढाईत पडलेल्या स्वीडनच्या गुस्ताव दुसरा आडोल्फ राजाचा घोडा स्ट्राइफ तिथे पेंढा भरून उभा आहे. स्तोरतोरियेत चौकात १५२० मध्ये डॅनिश राजा क्रिस्तियान दुसरा याने सरदार-बिशपांची कत्तल केली. त्याच चौकात आज नोबेल पुरस्काराचं म्युझियम आहे. अमर्त्य सेन यांनी दिलेली सायकल म्युझियमच्या संग्रहात आहे, आणि कॅफेतल्या खुर्च्यांच्या तळाला नोबेल विजेत्यांच्या सह्या आहेत. खुर्ची उलटी करून बघायला कोणी हरकत घेत नाही.

सिटी हॉल आतून फक्त गाइडेड टूरनेच बघता येतो, आणि समारंभ असला की टूर बंद, म्हणून वेळापत्रक आधी तपासा. सोनेरी दालनात मोझेइकचे १.८ कोटींहून जास्त तुकडे आहेत. नोबेलची मेजवानी निळ्या दालनात होते, ज्याच्या विटा लालच आहेत: वास्तुविशारद राग्नार ओस्तबेरीला त्या इतक्या आवडल्या की रंग द्यायचं त्याने रद्द केलं.

हिस्तोरिस्का म्युझियमसाठी, म्हणजे इतिहासाच्या म्युझियमसाठी, मी आग्रह धरेन. व्हायकिंगांची हत्यारं आणि सोन्याचं दालन तर आहेच, पण हेल्गो बेटावरच्या उत्खननात मिळालेली कांस्य बुद्धमूर्तीही याच संग्रहातली आहे. तळहातावर मावेल एवढी, साधारण सहाव्या शतकातली, आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याच्या बाजूची. ती सध्या कोणत्या दालनात ठेवली आहे ते काउंटरवर विचारून मगच फिरायला लागा.

खाण्याचं म्हणाल तर युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, श्रीखंड घरीच ठेवा, आंबेही. मेतकूट, चिवडा, कोकम चालतं. दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान हॉटेलांत ‘दागेन्स रेत’, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, मिळतं, त्यात सॅलड, ब्रेड आणि बहुधा कॉफीही येते. रात्रीच्या जेवणापेक्षा ते खूप स्वस्त पडतं. नळाचं पाणी उत्तम, तेव्हा रिकामी बाटली जवळ ठेवा. औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत. ती बॅग लहानच असू द्या, कारण मोठ्या पाठपिशव्या म्युझियममध्ये लॉकरला ठेवायला सांगतात.