जुन्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले आणि चांगले चालणारे असंख्य घरगुती संगणक अडचणीत आले. कारण विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा लागतो आणि शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ही अट चुकवून विंडोज ११ बसवून देणारे भेटतात, परंतु अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही, त्यामुळे बँकेचे व्यवहार करायच्या संगणकावर हा उद्योग न केलेला बरा.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यात रॅम व डिस्क पाहावी. संगणक सुरू होताच डिस्कचा आकडा बराच वेळ शंभर टक्क्यांवर अडकून राहत असेल आणि ती जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्यावी. तेवढ्याने पडणारा फरक कोणत्याही नव्या सिस्टीमपेक्षा मोठा असतो.

विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येते आणि तिचे अनेक प्रकार आहेत. रॅम ४ जीबी असेल तर त्यांतील लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मी निःशंकपणे सुचवेन. २ जीबीवर लुबुंटू हे हलके लिनक्स चालवून पाहावे, आणि प्रोसेसर जुना ३२-बिटचा असेल तर अँटीएक्स हे लिनक्स. फक्त ब्राउझरच वापरणाऱ्या घरासाठी गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही सिस्टीमही चालेल, मात्र त्यावर प्ले स्टोअरची ॲप चालत नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पत्रे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अगम्य अक्षरांची रांग होऊन उघडतात, म्हणून विंडोज चालू असतानाच ती युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्यावीत. नव्या टंकनासाठी लिनक्सवर इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची पद्धत मिळतेच, आणि आयबस या टंकनाच्या प्रोग्रामबरोबर एम१७एन हा जोड बसवल्यास गमभन, मिंग्लिश आणि रेमिंग्टन या पद्धतीही मिळतात. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामवर रोजचे काम करणाऱ्यांनी मात्र लिनक्सच्या वाटेला जाऊ नये, कारण टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे.

काहीही पुसण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. मग ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर रूफस या प्रोग्रामच्या मदतीने मिंट उतरवून संगणक त्यावरून सुरू करावा (बूट मेनूची कळ बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते) आणि इन्स्टॉल न करताच वायफाय, आवाज, प्रिंटर व मराठी टंकन तपासावे. पेनड्राइव्हवरून सगळे थोडे संथच चालते, त्यावरून वेगाचा निकाल लावू नये. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असलेल्या काही लॅपटॉपमध्ये नेटवर्क लगेच दिसत नाही. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट द्यावे आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर बसवावा.